अजानवृक्षाची मुळी: मराठी साहित्यातील मृत्यू, ‘मी’ आणि निसर्ग

एकनाथांच्या एका प्रसिद्ध अभंगात ज्ञानदेव स्वप्नात येऊन त्यांना एक काम सांगतात. आळंदीला समाधीत बसलेल्या आपल्या कंठाला अजानवृक्षाची मुळी लागली आहे, ती एकनाथांनी येऊन काढावी. ज्ञानदेवांनी समाधी घेतली १२९६ साली. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी पुरी केली शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली. मधली जवळजवळ तीनशे वर्षे ग्रंथ हातोहात उतरवला जात होता आणि प्रत्येक हात त्यात आपले काहीतरी मिसळत होता. त्यामुळे या स्वप्नाचा अर्थ लावणे सोपे वाटते. कंठ म्हणजे वाणी, मुळी म्हणजे अपपाठ, आणि मुळी काढणे म्हणजे ग्रंथ शुद्ध करणे. हा अर्थ चुकीचा नाही, पण तो हातात येताच झाड नाहीसे होते. अभंगातली मुळी खरी मुळी आहे. ती समाधीच्या अंधारात वाढली आहे, वाढणे हा तिचा धर्म आहे, आणि आपण कोणाच्या गळ्याभोवती वाढतो आहोत हे तिला ठाऊक नाही. शिवाय ज्या झाडाने गळा आवळला त्याच झाडाखाली बसून आजही लोक ज्ञानेश्वरीचे पारायण करतात. गुदमरवणारे झाड आणि सावली देणारे झाड अशी वाटणी परंपरेने केलेली नाही. ही कथा कोणत्याही प्रतीककोशात बसणारी नाही, आणि मृत्यू, ‘मी’ व निसर्ग या तिघांच्या मराठीतल्या नात्याकडे या कथेच्या वाटेने जावे असे मला वाटते ते त्यामुळेच.

प्रतीकांच्या चर्चेत एक सवय आपल्या अंगवळणी पडली आहे. सांजवेळ आली की मरण, पानगळ आली की विरह, नदी आली की काळ, पैलतीर आला की परलोक. शाळेतल्या रसग्रहणांपासून प्रबंधांपर्यंत हे समीकरण चालते. त्यात डावीकडे निसर्गातली वस्तू असते, उजवीकडे मृत्यू असतो, आणि ज्याला मरायचे आहे तो कुठेच नसतो. माझे म्हणणे एवढेच आहे की हा तिसरा घटक सोडून हे गणित सुटत नाही. निसर्गातली वस्तू मृत्यूचे चिन्ह होते की नाही, होत असेल तर कशा प्रकारे होते, हे त्या वस्तूसमोर कोण उभा आहे यावर ठरते. त्याला आपले नाव आहे का, त्याचा त्या झाडावर, पाण्यावर, जमिनीवर काय हक्क आहे, तो स्वतःला त्यात हरवू पाहतो की त्यातून वर काढू पाहतो, हे आधी विचारावे लागते. मराठी साहित्यात याचे पुरावे भरपूर आहेत. अडचण आहे ती विरोधी पुराव्यांची, आणि तेही टाळून चालणार नाही.

संतांपासून सुरुवात केली तर पहिली गोष्ट ध्यानात येते की तिथे निसर्ग नुसता सुचवत नाही, काही करतो. तुकारामांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, असे परंपरा सांगते. तेरा या आकड्यावर मराठी माणसाला तेराव्याची आठवण होणे साहजिक आहे. वह्यांचे जणू सुतक पाळले गेले आणि मग त्या परत आल्या. एकनाथांच्या कथेत वाणी मातीत आहे आणि झाड तिला वेढते. तुकारामांच्या कथेत वाणी पाण्यात आहे आणि नदी तिला परत देते. दोन्ही ठिकाणी कवीची ओळख म्हणजे त्याचे शब्द, आणि ते शब्द आधी निसर्गाच्या ताब्यात जातात. तुकारामांनी आपलेच मरण पाहिल्याचा आनंद ज्या अभंगात गायला आहे त्यात झाडे नाहीत, नदी नाही. तिथे ‘मी’ आधीच विरलेला असल्याने दाखला देण्याची गरजच उरलेली नाही. याच्या उलट नामदेवांचे समाधीचे अभंग. ज्ञानदेव आत जातात आणि बाहेर राहिलेल्यांची अवस्था सांगायला नामदेवांना फुटलेले पाट आणि तळमळणारे मासे लागतात. मरणाऱ्याला निसर्गाची उपमा लागत नाही, मागे राहिलेल्याला लागते. हा फरक बारीक आहे आणि पुढच्या सातशे वर्षांच्या कवितेत तो पुन्हा पुन्हा दिसतो.

घरोघरीच्या आचारातही हेच आहे. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही की घाटावर बसलेली माणसे एकेक कबुली देऊ लागतात: धाकट्याचे शिक्षण आम्ही करू, शेताची वाटणी रखडवणार नाही, थोरलीला माहेर तुटणार नाही. कावळा इथे मृत्यूचे प्रतीक नाही. तो मृताची शिल्लक राहिलेली इच्छा आहे, म्हणजे त्याची ओळख. पक्षी शिवला की ती ओळख मिटते.

आधुनिक कवितेत या प्रश्नाचा सगळ्यात मोठा कस लागतो तो बालकवींच्या ‘औदुंबर’ या आठ ओळींच्या कवितेपाशी. तिच्यावर मराठीत जेवढे लिहिले गेले तेवढे इतक्या लहान कवितेवर क्वचितच लिहिले गेले असेल. कोणाला तिच्यात निव्वळ चित्र दिसले, कोणाला विरक्त योगी दिसला, कोणाला मरण. मरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांना एक आयता साक्षीदार मिळतो: बालकवी, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, १३ ऑगस्ट १८९० रोजी धरणगावला जन्मले आणि ५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादलीला रेल्वेखाली सापडून गेले. वय सत्तावीस. इतक्या लवकर आणि अशा रीतीने गेलेल्या कवीच्या कवितेतल्या काळ्या डोहात मृत्यू दिसू लागणे अवघड नाही. यावर आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. कवीच्या शेवटाचा काळोख मागे नेऊन त्याच्या आधीच्या कवितेवर पसरवणे ही टीका नव्हे. रूळ ओलांडताना काय होईल हे कविता लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हते. हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. चरित्र बाजूला ठेवू.

तरीही कविता उरते, आणि तिच्यातला क्रम उरतो. सुरुवात मोकळ्या हिरव्या विस्ताराने होते, मग वस्ती येते, मग शेते, मग एक पांढरी वाट. ती वाट वस्तीकडून निघते आणि काळ्या पाण्याकडे जाते. वाट आहे पण वाटसरू नाही. घरे आहेत पण माणूस नाही. बघणारा ‘मी’ तर कुठेच नाही. संपूर्ण कवितेत कवीने स्वतःला एका सर्वनामापुरतीही जागा दिलेली नाही. सगळ्या चित्रात माणसासारखी हालचाल एकच आहे, आणि ती शेवटी येते, आणि ती झाडाची आहे. पाण्यात पाय सोडून बसण्याची ती लकब एखाद्या पोराचीही असू शकते आणि जाण्याची घाई नसलेल्या म्हाताऱ्याचीही. त्यामुळे ‘औदुंबर म्हणजे मृत्यू’ हे समीकरण मला पटत नाही. मला दिसते ते वेगळे आहे: कवितेने माणसाला एकेक पाऊल बाहेर काढले आणि त्याची रिकामी झालेली जागा झाडाला दिली. मरणाची जी जाणीव वाचकाला होते ती काळ्या रंगामुळे कमी आणि या जागाबदलामुळे जास्त. त्याच कवीची ‘फुलराणी’ शेजारी ठेवून पाहावी. तिथे कळी नवरी होते, सूर्यकिरण नवरा होतो, लग्नाचा थाट होतो, निसर्गाला माणसाचे सगळे कपडे चढवलेले असतात आणि मरणाचा वासही येत नाही. निसर्ग माणसासारखा करणे आणि माणसाची जागा निसर्गाला देणे या दोन अगदी वेगळ्या क्रिया आहेत. पहिलीने लोभस कविता होते. दुसरीने वाचक अस्वस्थ होतो.

औदुंबर काही कोरे झाडही नव्हते. दत्तसंप्रदायात ते पूज्य आहे. कृष्णाकाठी सांगली जिल्ह्यात त्याच्या नावाचे क्षेत्रच आहे. गुरुचरित्रात कथा येते की हिरण्यकश्यपूचे पोट फाडल्यावर नरसिंहाच्या नखांना विषाचा दाह झाला आणि तो औदुंबराच्या फळांनी शमला. बालकवींच्या वाचकाला हे सगळे पाठ होते. पण कवितेत दत्त नाही, पादुका नाहीत, पार नाही. पूर्वपुण्याई असलेले झाड घ्यायचे आणि तिच्यातले काहीच उच्चारायचे नाही, या संयमात त्या आठ ओळींचे निम्मे बळ आहे. निसर्गात मरण पाहण्याची ही दृष्टी इंग्रजी रोमँटिक कवितेतून उसनी आली असेही सांगितले जाते. केशवसुतांच्या पिढीने इंग्रजी कविता मनापासून वाचली आणि तिचे ऋण नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ज्या भाषेत अजानवृक्ष आणि इंद्रायणी आधीपासून होत्या तिला झाडाकडे गंभीरपणे पाहायला परदेशातून शिकावे लागले, हे पटण्यासारखे नाही.

मर्ढेकरांकडे आल्यावर हा प्रश्न एकाच कवीच्या दोन अवस्थांत पाहायला मिळतो. १९३९ च्या ‘शिशिरागम’मध्ये ऋतू आहे, गळणारे पान आहे आणि त्या पानाशी आपले दुःख जोडून घेणारा ‘मी’ आहे. हे जुने, ओळखीचे प्रतीक आहे, आणि स्पष्ट सांगायचे तर त्यात मर्ढेकर अजून मर्ढेकर झालेले नाहीत. आठ वर्षांनी ‘काही कविता’ येते तेव्हा मधे महायुद्ध होऊन गेलेले असते, आणि निसर्गाच्या नावाने शिल्लक असते ते पिपातले उंदीर. उंदीर हाही निसर्गच, पण त्याचे मरण ऋतूने आणलेले नाही. ते माणसाने केलेल्या भांड्यात, माणसाने निर्माण केलेल्या दाटीत आलेले आहे, आणि त्यात एका उंदराला दुसऱ्यापासून वेगळे काढता येत नाही. पान गळते तेव्हा एक पान गळते. पिपात मरते ती संख्या. त्या कवितेला बीभत्स म्हणणाऱ्यांनी एक पाहिले नाही, की तिचा विषय घाण नसून नाव नसणे हा आहे. इथे निसर्गाचा दाखला देऊन मरणाला अर्थ मिळत नाही, कारण ज्याच्यासाठी अर्थ हवा तो ‘मी’ गर्दीत हरवला आहे. माझे गृहीतक या कवितेने उलट्या बाजूने सिद्ध होते.

बालकवींच्याच खानदेशात, असोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांची गाणी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली. त्यांच्याकडे निसर्ग हा पाहण्याचा विषय नाही, कामाचा आहे. मातीच्या कुशीत बी निजते आणि पुढे कोंब वर येतो, हे त्यांच्या गाण्यात आले की पुनर्जन्माचे प्रतीक म्हणून टाळ्या पडतात. पण पेरणी केलेल्या बाईला ते प्रतीक वाटत नाही. तिला तो जूनचा अनुभव असतो. तरुणपणी वैधव्य आलेल्या या बाईने स्वतःच्या दुःखावर जे गायले त्यात कुंकू पुसले जाण्याची आणि गोंदण मागे राहण्याची गोष्ट आहे. कपाळावरची ओळख नवऱ्याबरोबर जाते, कातडीत उतरलेली ओळख जात नाही. मृत्यू इथे बाईच्या अंगावर खुणा करतो आणि पुसतो, आणि ती स्वतः कोण हे त्या दोहोंच्या मधे शोधते. श्वासाच्या येण्याजाण्यात जगण्यामरण्याचा हिशेब मांडणारी ही दृष्टी तत्त्वज्ञान म्हणून गौरवली जाते. गौरव योग्यच आहे, फक्त ते तत्त्वज्ञान शेतातल्या आणि घरातल्या श्रमांतून आले आहे हे विसरले की बहिणाबाई सुभाषितांची वही होतात. तसे झालेलेही आहे.

आता सगळ्यात कठीण आक्षेप. तो असा, की निसर्गात मरण वाचणे ही ज्यांना निसर्ग मोकळा होता त्यांची चैन आहे. गावाच्या वाऱ्याखाली वस्ती ठेवलेल्यांना, ज्यांच्या वाट्याला मेलेली गुरे ओढण्याचे आणि मयताच्या खबरा गावोगाव पोचवण्याचे काम जन्माने आले, त्यांना मृत्यू हे प्रतीक नव्हते, ते बलुत्याचे काम होते. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) गावकामाचे जे जग दिसते तिथे झाड, ओढा, पांद यांच्यावर आधीच कोणाची तरी नावे लिहिलेली असतात. बाबुराव बागुलांच्या दोन कथासंग्रहांची नावे शेजारी ठेवली तरी मुद्दा उभा राहतो: ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) आणि ‘मरण स्वस्त होत आहे’ (१९६९). एकात ओळख, दुसऱ्यात मृत्यू, आणि दोन्हींत पानाफुलांना जागा नाही. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ (१९७२) तर मुंबईच्या अशा भागातून उठतो जिथे संध्याकाळ ही धंद्याची वेळ आहे.

या आक्षेपापुढे निम्मी माघार घ्यायला हवी. मराठी समीक्षेने निसर्गकवितेला जे सार्वत्रिक मानले ते सार्वत्रिक नव्हते. तो एका वर्गाच्या डोळ्यांचा निसर्ग होता. उरलेल्या अर्ध्यावर मात्र हा आक्षेप माझे म्हणणे खोडत नाही, उलट ते अधिक टोकदार करतो. पाणीच घ्या. औदुंबराचे पाय ज्या डोहात आहेत त्या डोहाला कोणी विचारत नाही की कोणी प्यावे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक ओंजळभर पाणी प्यायले, त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले, आणि तळे बाटले म्हणून सवर्णांनी त्याची शुद्धी केली. कोर्टकचेरी १९३७ पर्यंत चालली. गुरे ज्या पाण्यात उतरत होती त्याला माणसाच्या स्पर्शाने विटाळ होतो, असे ज्या समाजाने ठरवले त्याच्या साहित्यात पाणी हे निरागस प्रतीक असू शकत नाही. महाडनंतरच्या वाचकाने डोह वाचताना काठावर कोण उभे राहू शकत होते हे विचारले, तर तो कवितेवर अन्याय करत नाही. दलित कवितेने पाणी, सूर्य, झाड यांना टाकून दिलेले नाही. पाणी मागण्याची क्रिया आणि सूर्याकडे तोंड वळवण्याची क्रिया तिने प्रतीक म्हणून वापरली, आणि त्यातून जो ‘मी’ उभा राहिला तो विरघळू इच्छिणारा नाही. संतांना ‘मी’ मरायला हवा होता. ज्याला ‘मी’ म्हणण्याची मुभाच नव्हती त्याला तो आधी जन्माला यायला हवा होता. म्हणून एकाच तळ्याच्या काठी मृत्यूचे दोन उलटे अर्थ निघतात, आणि अर्थ पाण्याने बदललेला नाही, उभ्या राहणाऱ्याने बदलला आहे.

कोकणातल्या लेखनाचा इथे ओझरताच उल्लेख करता येईल. चिंतामण त्र्यंबक खानोलकरांनी कवितेसाठी आरती प्रभू हे नाव घेतले आणि कादंबऱ्या स्वतःच्या नावाने लिहिल्या. एकाच माणसाची ही दोन नावे एकाच भूमीकडे दोन तऱ्हांनी पाहतात. ‘चानी’ (१९७०) या कादंबरीतल्या, गोऱ्या परक्याच्या रक्ताच्या मुलीला खारीचे नाव आहे. गावाला ती कोणत्या घरात बसवावी हे कळत नाही. प्राण्याचे नाव म्हणजे माणसांच्या यादीत जागा नसणे, हे खानोलकरांनी काही न समजावता दाखवले आहे.

जी. ए. कुलकर्णींबद्दल माझे मत बहुसंख्य वाचकांपेक्षा थोडे वेगळे आहे. मृत्यू, नियती आणि निसर्ग म्हटले की त्यांचेच नाव प्रथम येते आणि त्यांच्या संग्रहांची नावेही रंगांची आणि पाखरांची: ‘निळासावळा’, ‘पारवा’, ‘हिरवे रावे’, ‘रक्तचंदन’, ‘काजळमाया’. बेळगाव-धारवाडकडच्या घरांत, बोळांत, परसांत घडणाऱ्या त्यांच्या कथांत एखादे झाड किंवा पाखरू जेव्हा येते तेव्हा ते त्या घरातल्या माणसाच्या नशिबाला असे चिकटते की सोडवता येत नाही. १९७५ च्या ‘रमलखुणा’मधल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथांत मात्र भूमीचे गाव सुटते. डोंगर, वाळवंट, समुद्र हे सगळे भव्य आहे, पण ते कोणाच्याही मालकीचे नाही आणि त्यात फिरणाऱ्याला कुळ नाही, वाडा नाही, शेजार नाही. परिणामी प्रत्येक वस्तू येतानाच अर्थ घेऊन येते. वाचक कथेच्या पुढे धावून तो ओळखू लागतो, आणि ओळखता आला की वस्तू संपते. या कथा थोर नाहीत असे मी म्हणत नाही. पण प्रतीक आणि रूपककथा यांच्यातली सीमा कुठे आहे हे समजून घ्यायचे असेल तर जीएंच्या आधीच्या आणि या कथा एकामागून एक वाचाव्यात. ज्या क्षणी माणसाची नेमकी ओळख पुसली जाते, त्या क्षणी झाडाचीही पुसली जाते.

शेवटचा आक्षेप आजचा आहे, आणि त्याला माझ्याकडे अर्धेच उत्तर आहे. आतापर्यंतच्या सगळ्या विवेचनात निसर्ग टिकणारा आणि माणूस जाणारा असे गृहीत धरले आहे. मुळी वाढत राहते, नदी वाहत राहते, औदुंबर बसून राहतो. पण आळंदीला इंद्रायणीच्या पाण्यावर कारखान्यांच्या आणि शहरांच्या सांडपाण्याचा फेस तरंगताना वारकऱ्यांनी पाहिला आहे, आणि त्यातच स्नानही केले आहे. वह्या तारणारी नदीच मरू लागली तर तिला कोणाच्या मरणाचे प्रतीक म्हणायचे? जुन्या प्रतिमा मोडीत निघाल्या असे काही तरुण कवी म्हणतात आणि नदीबद्दल लिहिताना अहवालाची भाषा वापरतात. त्यांचा राग मला समजतो, उपाय पटत नाही. नदीच्या मरणाबद्दल लिहितानाही तो जुना प्रश्न सुटत नाही: काठावर कोण आहे, मासेमार, कारखान्याचा कामगार, वारकरी, की वरच्या अंगाला फ्लॅट घेतलेला माणूस. यातल्या प्रत्येकाची नदी वेगळी मरते, आणि मराठी कवितेत त्यांतल्या पहिल्या दोघांनी अजून पुरेसे लिहिलेले नाही.